गेनिचिरोवर अडकलात? सेकिरोमध्ये सराव असा करा

‘सेकिरो: शॅडोज डाय ट्वाइस’ (२०१९) या व्हिडिओ गेममध्ये अवघडपणा कमी करायची सेटिंगच नाही. दुसरी तलवार नाही, भारी चिलखत नाही, मदतीला मित्रही बोलावता येत नाही. बॉस (मोठा शत्रू) मारून मिळालेल्या ‘मेमरी’ या वस्तूने हल्ल्याची ताकद वाढते आणि चार प्रेयर बीड (जपमाळेचे मणी) जमले की आयुष्याची पट्टी लांबते. त्यामुळे आशिना किल्ल्याच्या माथ्यावर गेनिचिरो या बॉसने अडवलं, तर खाली जाऊन तासभर सैनिक कापण्यात फारसा अर्थ नाही. हात बसायला हवा.

त्याआधी यंत्राकडे बघा. टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड चालू करा. ब्लूटूथ हेडफोनऐवजी वायरवाला लावा, कारण इथे निम्मी लढाई कानाने लढली जाते आणि ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोचतो.

आता मुख्य गोष्ट. वार अंगावर येत असताना गार्डचं बटण (प्लेस्टेशनवर एल१, एक्सबॉक्सवर एलबी) आधीपासून दाबून ठेवलं तर तो नुसता ब्लॉक होतो आणि तुमचं पोश्चर (तोलाची पट्टी; ती भरून फुटली की तुम्ही उघडे पडता) भरत जातं. तलवार लागायच्या क्षणी दाबलं तर डिफ्लेक्ट होतो आणि समोरच्याचं पोश्चर भरतं. घाबरून बटण टकाटक दाबत राहणं ही सर्वांत महागडी सवय. लागोपाठ दाबल्यावर डिफ्लेक्टची मुभा आकसत जाते, म्हणजे जितकं जास्त दाबाल तितके डिफ्लेक्ट कमी जमतील. एका वाराला एकदाच दाबा आणि सोडा. आणखी एक सोय बऱ्याच जणांना उशिरा कळते: तुमचं पोश्चर काठोकाठ भरलेलं असलं तरी अचूक डिफ्लेक्टने ते फुटत नाही, ब्लॉकने फुटतं. म्हणून पट्टी लाल झाली की पळू नका, डिफ्लेक्टच करा.

खेळातल्या तुमच्या मुक्कामी, पडक्या देवळाबाहेर, हानबेई नावाचा योद्धा उभा असतो. तो मरत नाही, त्याचं कामच सराव देणं. डिफ्लेक्ट त्याच्यावर घोटून घ्या. पहिला स्किल पॉइंट (नवं कौशल्य घ्यायचा गुण) मिळाल्यावर देवळातला मूर्तिकार कौशल्यांची जी पोथी देतो, तिच्यातलं मिकिरी काउंटर (भोसकणारा वार उलटवायचं कौशल्य) सगळ्यांत आधी घ्या आणि तेही त्याच्यावरच बसवा.

मग गेनिचिरोकडे जा, पण पहिल्या काही फेऱ्या जिंकायच्या नाहीत असं ठरवूनच. हल्ला करायचा नाही, फक्त गार्ड. त्याची सलग वारांची लांब मालिका कुठे संपते, शेवटचा वार किती रेंगाळतो, हे कानात भरून घ्या. तो हवेत उडी घेऊन खाली तलवार आपटतो, त्यानंतर धोक्याचं लाल चिन्ह उमटतं. तिथे दोनच शक्यता: भोसकणं किंवा पायाशी झाडू मारल्यासारखा वार. भोसकायला आला तर त्याच्याच दिशेने डॉज, म्हणजे मिकिरी. खालून आला तर उडी आणि हवेतच पुन्हा उडीचं बटण. लाथ त्याच्या डोक्यात बसते. घाईत मागे सरकाल तर भोसकण्यात सापडाल.

मरण्याचं ओझं हलकं करून जा. मेल्यावर निम्मे सेन (खेळातले पैसे) आणि पुढच्या पॉइंटसाठी साठलेला निम्मा अनुभव जातो. पूर्ण झालेले पॉइंट जात नाहीत. म्हणून आधी पॉइंट पूर्ण करा आणि सेनच्या थैल्या विकत घ्या. थैलीतले पैसे सुरक्षित राहतात, दुकानदार थोडं जास्त घेतो एवढंच.

हल्ला सुरू केल्यावर ऐकायचं ते हे: तुमचे एकदोन वार तो साधे ब्लॉक करतो, मग एकाला टणकन वेगळा आवाज आणि मोठी ठिणगी उडते. तो त्याचा डिफ्लेक्ट. हात लगेच थांबवा, पुढचा वार त्याचा आहे. इथेच लोभ नडतो. दुसरी चूक म्हणजे दूर जाऊन उभं राहणं. तेवढ्यात त्याचं पोश्चर ओसरतं आणि वर तो धनुष्य काढतो. त्याचं आयुष्य जितकं कमी, तितकं त्याचं पोश्चर सावकाश ओसरतं, त्यामुळे सुरुवातीला थोडं रक्त काढून मग चिकटून राहणं फायद्याचं. गार्ड धरून ठेवल्यावर तुमचं पोश्चर लवकर उतरतं, हाही हिशेब लक्षात असू द्या. औषध प्यायचं तर लांब पळून नाही. त्याची मालिका संपल्यावरच. दम घ्यायचा असेल तर हा खेळ बॉसशी लढतानाही पॉज होतो, खुशाल करा.

दोन डेथब्लो (निर्णायक घातक वार) बसले की तो उघड्या अंगाने, वीज घेऊन परत उठतो. इथे जमिनीवर उभं राहून वीज अडवायला जाऊ नका. तो वीज सोडताना उडी मारा, ती हवेत अंगावर घ्या आणि पाय टेकायच्या आत हल्ल्याचं बटण दाबा: वीज उलटून त्याच्यावरच जाते. उडी फार लवकर मारली तर वीज यायच्या आधीच पाय टेकतात आणि झटका तुम्हालाच बसतो, म्हणून त्याची तलवार चमकताक्षणी नव्हे, तो हात खाली आणायला लागला की उडी.