गावात सुतारकाम करून वर्षभर हाताला काम कसं ठेवायचं

काटोल, सावनेर, उमरेड, नागपूरच्या आसपास कुठल्याही गावात स्वतःचं सुतारकाम करायचं असेल तर भाऊ, आधी वर्ष शेतीच्या हिशोबानं लावून घ्या. मृग लागतो ७ जूनच्या सुमारास, त्याआधी वखर-तिफणीची दुरुस्ती येते, पेरणी झाली की डवरे (म्हणजे कोळपी), मग पोळा, आणि दिवाळीनंतर दारं, चौकटी, लग्नाचे दिवाण. ट्रॅक्टर आल्यापासून अवजारांचं काम कमी झालं हे खरं, पण डवऱ्याचं गिऱ्हाईक सोडू नका, तोच माणूस घर बांधताना चौकट तुमच्याकडूनच करून घेतो.

लाकूड मात्र ऑर्डर आल्यावर घ्यायला धावू नका. पैसे आले की नागपूरच्या लाकूडगंजातून नाहीतर जवळच्या आरा मशीनवरून थोडं थोडं घेऊन ठेवा, सागाची पावती आणि वाहतूक पास जपा. चिरलेलं लाकूड सावलीत, मधे पट्ट्या टाकून रचा आणि टोकांना उरलेला ऑइल पेंट फासा, कारण लाकूड टोकाकडून लवकर सुकतं आणि आपल्या मे महिन्यात तिथूनच फाटतं. मे महिन्यात दार बसवत असाल तर एक सूत (इंचाचा आठवा भाग) फट सोडाच, पावसाळ्यात ते फुगतं.

गोल लाकडाचं माप स्वतः काढता आलं पाहिजे, नाहीतर समोरचा सांगेल तो आकडा. मधला घेर इंचात मोजा, ४ नं भागा, आलेल्या आकड्याला त्याच आकड्यानं गुणा, मग फुटातल्या लांबीनं गुणा आणि १४४ नं भागा. घेर ३६ इंच, लांबी ८ फूट असेल तर साडेचार घनफूट. चिराईत घट जाते ती भावात धरा.

आता तान्हा पोळा. रघुजीराजे भोसल्यांच्या काळापासून, १८०६ पासून नागपुरात लहान पोरं लाकडाचा नंदी घेऊन घरोघरी बोजारा (पैसे-खाऊ) मागतात, आणि उरलेल्या तुकड्यांचं सोनं करायची हीच वेळ. अंगाचे रेषे आडवे ठेवा, पाय मात्र वेगळे, उभ्या रेषांचे करून कुसू (खाचेत बसणारं टोक) मारून बसवा. एकाच तुकड्यातून पाय कोरले तर पायात रेषे आडवे जातात आणि पोरानं ओढत नेला की पहिल्याच गल्लीत पाय मोडतो. शिंगं आणि कानही वेगळे. खालच्या फळीची चाकं जरा मोठी ठेवा, गावचा रस्ता गिट्टीचा असतो. आषाढातच नंदी तयार ठेवा, कारण रंग वाळायला पावसात फार दिवस लागतात आणि ओल्या रंगाचा नंदी कुणी घेत नाही.

पैशाचं स्पष्ट बोला. आधी बलुत्यात धान्य यायचं, आता रोख आहे, पण शेतकऱ्याच्या हाती पैसा सोयाबीन-कापूस विकल्यावरच येतो, म्हणून मजुरीची उधारी दिवाळीपर्यंत थांबू द्या, वहीत लिहा, त्याच्यासमोर लिहा. लाकडाचे पैसे मात्र इसार म्हणून आधीच घ्या, स्वतःच्या खिशातून दुसऱ्याचं दार बनवू नका.

अवजारं घ्यायची असतील तर १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना बघा, सुतार त्यात आहेत. अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज ५ टक्के व्याजानं, तारण नाही. घरातल्या एकालाच लाभ मिळतो आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायतीतूनच होते, तेव्हा कागद घेऊन आधी तिथं जा.