खाज आत की कातडीवर? त्यावरून डॉक्टर ठरवा

बाईला खाली, म्हणजे योनीमार्गात किंवा त्याभोवतीच्या कातडीवर, खाज सुटली की पहिली धाव मेडिकलकडे असते आणि तिथंच बिनसतं. 'सगळ्यावर चालेल' म्हणून मिळणाऱ्या मिश्र ट्यूबमध्ये बरेचदा क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टिरॉइड असतं. दोन-चार दिवस खाज थांबते. पण मुळात नायटा असेल तर तो आतल्या आत पसरतो, त्याची गोल कडा पुसट होते आणि मग डॉक्टरांनाही ओळखायला जड जातं. आधीच लावली असेल तर ती ट्यूब सोबत न्या, लपवू नका.

आता डॉक्टर कोणते? योनीमार्गात आग, दह्यासारखं घट्ट पांढरं किंवा हिरवट फेसाळ जाणं, माशासारखा वास, ओटीपोटात दुखणं, किंवा गरोदरपण असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ. गरोदर असताना बुरशीवरची फ्लुकोनाझोलची गोळी स्वतःहून घेऊ नका.

अंगावरून काही जात नाही, पण बाहेरची कातडी लाल, जाड, सोललेली आहे, जांघेत चट्टे आहेत? मग त्वचारोगतज्ज्ञ. हे अनेकींना सुचतच नाही. या डॉक्टरांच्या पदवीपुढे बरेचदा 'डीव्हीएल' असतं, म्हणजे त्वचा, गुप्तरोग आणि कुष्ठरोग. ही जागा त्यांच्या शिक्षणातलीच आहे. पाटीवर नुसतं 'स्किन, हेअर, लेझर' असेल तर आधी फोन करा: गुप्तांगाच्या त्वचेचे आजार बघता का, गरज पडली तर बायोप्सी (कातडीचा छोटा तुकडा काढून तपासणी) करता का? पदवीची शंका असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडची नोंदणी बघा. खासगी परवडत नसेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात हे दोन्ही विभाग आहेत. केसपेपर काढतानाच तक्रार नीट सांगितली की योग्य विभागात पाठवतात.

पाळी गेलेल्या बायकांनी विशेष जपावं. रात्री वाढणारी खाज, कागदासारखी पातळ पांढरी कातडी, बारीक चिरा ही लायकेन स्क्लेरोसस या कातडीच्या आजाराची लक्षणं असू शकतात. त्यावर बुरशीवरच्या गोळ्या महिनोन्महिने घेऊन काही होत नाही. उलट इथं तेच तीव्र स्टिरॉइड मलम लागतं, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि ठरल्या मापानं. हा आजार पुढे क्वचित कर्करोगाकडे जातो, म्हणून नियमित तपासणी सोडायची नाही.

खरी पारख एकच: न बघता औषध लिहून देणारे डॉक्टर बदला. पुरुष डॉक्टर असतील तर तपासताना नर्स किंवा सोबतची बाई आत असावी, असं बेधडक सांगा. जाण्याआधी दोन-तीन दिवस योनीत गोळी किंवा मलम घालू नका, आत धुऊ नका, नमुना बिघडतो. लक्षणं कधीपासून, पॅड, साबण किंवा हेअर रिमूव्हर बदलला का, घरात आणखी कुणाला खाज आहे का (खरूज असू शकते), हे कागदावर लिहून न्या. साखरेचं औषध चालू असेल तर त्याचं नाव सांगा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांनी लघवीतून साखर जाते आणि बुरशी वाढते. वर्षात तीनदा किंवा जास्त वेळा बुरशी झाली तर एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) तपासायला हवं.

लहान मुलीला खाज असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांकडे. त्या वयात बुरशी क्वचितच असते. साबणाचा त्रास किंवा रात्री गुदद्वारापाशी खाज आणणारे जंत जास्त दिसतात.

भेट मिळेपर्यंत साधं पाणी, सुती चड्डी, कोरडी जागा. डेटॉल, सुगंधी वॉश नको. राधानगरी, भुदरगडकडे भातलावणीत दिवसभर ओलं लुगडं अंगावर राहतं. घरी आल्याबरोबर बदला. पावसात वाळत नाही म्हणून दमट चड्डी घालू नका.

फोड आणि ताप, लघवी अडकणं असेल तर त्याच दिवशी जा. न भरणारी जखम किंवा गाठ असेल तर तुकडा तपासायला सांगा. तो जागा बधिर करून घेतात, काही मिनिटांत होतं.