भरतीचा अर्ज माउसविना भरून पाहा

विद्यापीठाचं भरतीचं संकेतस्थळ खुलं करण्याआधी माउस बाजूला ठेवा आणि नोंदणीपासून ‘सबमिट’पर्यंत अख्खा अर्ज फक्त टॅब, एंटर, स्पेस आणि बाणांच्या कळांनी भरा. तुम्ही जिथे अडाल, तिथे दृष्टिहीन किंवा माउस धरता न येणारा उमेदवारही अडणार. बहुतेकदा गाडी अडते ती जन्मतारखेच्या कॅलेंडरपाशी. तारीख थेट टाइप करता आलीच पाहिजे. १९८५ गाठायला एकेक महिना मागे जायला लावणं हा छळ आहे.

मग एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून तोच अर्ज ऐका. चौकटीतलं फिकट ‘पूर्ण नाव’ म्हणजे लेबल नव्हे, टाइप करायला लागताच ते नाहीसं होतं. प्रत्येक चौकटीला खरं लेबल जोडा. चूक झाली तर नुसती लाल किनार दाखवू नका. ‘पदवीचं वर्ष भरलेलं नाही’ असं शब्दांत सांगा आणि कर्सर तिथेच न्या.

वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा काढूनच टाका. लॉगिनची मुदत (सेशन) संपण्याआधी सूचना द्या, वेळ वाढवू द्या आणि भरलेली माहिती जपून ठेवा, कारण संशोधन-लेखांची लांबलचक यादी पुन्हा भरायची ताकद प्रत्येकात नसते. साध्या मजकुराचा रंग आणि त्यामागची पार्श्वभूमी यांतला कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ हवा.

जाहिरातीची स्कॅन केलेली पीडीएफ स्क्रीन रीडरसाठी कोरा कागदच असते. पदं, पात्रता आणि शेवटची तारीख पानावरच मजकूर म्हणून द्या. मदतीसाठी फोन आणि ईमेल दोन्ही ठेवा. बहिऱ्या उमेदवाराला नुसत्या फोन नंबरचा काही उपयोग नाही.