थडगं नसलेल्या माणसाचा दिवस कसा पाळावा

माझा मावसभाऊ ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळात गेला. ‘गेला’ असं मी आता लिहिते. पहिली सात वर्षं आमच्या घरात हा शब्द कुणी उच्चारत नसे. तो रत्नागिरीच्या एका ट्रॉलरवर खलाशी होता. वादळ किनाऱ्याला लागलं ते वर, अलिबाग आणि मुंबईच्या मध्ये. पण जाता जाता आमचा सगळा किनारा घासून गेलं. ट्रॉलर मिळाला नाही, त्याचं फळकूट मिळालं नाही, तो मिळाला नाही.

मालवणात आम्हा कॅथलिक मच्छीमारांची बरीच घरं आहेत आणि समुद्राने माणूस परत न दिलेली घरंही त्यात आहेत. मी शाळेत शिक्षिका होते, अजून रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग घेते, त्यामुळे लोक येऊन विचारतात, बाई, तुम्ही त्याचं कसं करता? दर वेळी तोंडी सांगताना काहीतरी राहून जातं. म्हणून एकदा लिहून काढते.

आधी तारीख ठरवा, आणि ती घरातल्या सगळ्यात जास्त दुखावलेल्या माणसाला ठरवू द्या. आमच्याकडे तीन तारखा होत्या: तो घरातून निघाला ती, वादळाची, आणि शोध थांबवल्याचं कळलं ती. मावशीने वादळाची धरली. ज्यांना तारीखच माहीत नाही त्यांनी २ नोव्हेंबर घ्यावी, सर्व मृतांचा दिवस. त्या दिवशी दफनभूमीत सगळं गाव मेणबत्त्या घेऊन येतं, आणि थडगं नसलेलं माणूस गर्दीत एकटं पडत नाही. फादरांना मिस्सा, म्हणजे त्याच्या नावाने चर्चमधली उपासना, सांगायची ती ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात सांगा. नोव्हेंबर हा आमच्याकडे मृतांचा महिना, मिस्सांची वही लवकर भरते.

आता मिस्सेत वाचायला नाव देताना काय लिहायचं, ‘ख्रिस्तवासी’ (तुमच्या ‘कैलासवासी’सारखं) की नुसतं नाव? हे किरकोळ वाटेल, पण आमच्याकडे खरं रणकंदन यावरूनच झालं. पहिल्या वर्षी कुणीतरी चांगल्या मनाने ‘ख्रि.’ लावून दिलं. वाचून दाखवल्याबरोबर मावशी भर मिस्सेतून उठून बाहेर गेली. पायरीवर बसून म्हणाली, “माझो झील मेलो असां तुमका कोणी सांगितल्यान?” झील म्हणजे मुलगा. उत्तर कुणाकडेच नव्हतं. पुढची काही वर्षं आम्ही नुसतं नाव दिलं आणि फादरांनी नुसतं नाव वाचलं. शरीर मिळालं नाही तरी चर्च अंत्यविधीची मिस्सा नाकारत नाही, हे लक्षात असू द्या. पण ती करता येते म्हणून लगेच केलीच पाहिजे असं नाही. सात वर्षं माणसाची काही खबर नसेल तर कायदाही त्याला मृत धरतो. मृत्यूच्या दाखल्यासाठी एका कचेरीत मावशीला “बॉडीचा फोटो आहे का?” असं विचारलं गेलं, तो दिवस मी इथे रंगवत नाही. सात वर्षांनी कागद हातात आला त्या नोव्हेंबरात मावशी आपणहून म्हणाली, आता लाव ते अक्षर.

जागेचं सांगते. आजोबांच्या थडग्यावर आम्ही फादरांना विचारून त्याच्या नावाची छोटी फरशी बसवली, जन्मसाल घातलं आणि पुढची जागा कोरी ठेवली. ती अजून कोरीच आहे. मिस्सा झाल्यावर तिथे जातो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे किनाऱ्यावर. पहाटेच का, तर नोव्हेंबरात पहाटे वारा जमिनीकडून येतो, आमचा मतलई. तो हलका असतो, मेणबत्ती टिकते. दुपारनंतर समुद्रावरून सुटला की काडीसुद्धा पेटत नाही. मेणबत्ती नारळाच्या करवंटीत ओली वाळू भरून त्यात रोवा. भरतीची वेळ आधी काढून ठेवा. जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे साधारण सहाला भरती आणि बाराला ओहोटी. एका वर्षी आम्ही हे न बघता गेलो आणि लाटेने करवंट्या, मेणबत्त्या आणि माझी एक चप्पल नेली. मावशी त्या दिवशी कितीतरी वर्षांनी हसली. फुलं वाहायची तर सुट्टी शेवंती वाहा. दोऱ्यात ओवलेले हार पाण्यात सोडू नका, ते उद्या कुणाच्या तरी जाळ्यात येतात.

काय वाचायचं यावर मात्र माझं ठाम मत आहे, आणि ते सगळ्यांना पटत नाही. सुरुवातीलाच बायबलमधल्या रोमकरांस पत्रातलं “सर्व गोष्टी मिळून कल्याण” वाचू नका. वचन खरं असेल, पण ते मुलगा गमावलेल्या बाईच्या तोंडावर फेकायला दिलेलं नाही. आधी ८८ वं स्तोत्र वाचा. ते अंधारातच संपतं. शेवटी एकही गोड ओळ नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. किंवा बायबलमधलं विलापगीत हे पुस्तक घ्या. त्याची पाच प्रकरणं आहेत आणि ‘त्याची दया रोज सकाळी नवी होते’ ही सगळ्यांना पाठ असलेली ओळ तिसऱ्या प्रकरणात येते, म्हणजे बरोब्बर मध्यावर. त्यानंतर परत रडणं सुरू होतं आणि पुस्तक संपतं ते ‘तू आम्हांला अगदीच टाकलंस का?’ अशा प्रश्नावर. आम्ही वर्गात ती ओळ फळ्यावर लिहितो आणि पुढची दोन प्रकरणं उघडतच नाही. मीही कित्येक वर्षं असंच शिकवलं.

आपला मेलेला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू रडला. पाच मिनिटांनी त्याला जिवंत उठवणार हे माहीत असूनसुद्धा रडला. म्हणून ‘देवाची इच्छा’, ‘त्याची वेळ आली होती’, ‘निदान त्रास तरी झाला नसेल’ ही तीन वाक्यं त्या दिवशी घरात आणायची नाहीत असा आमच्याकडे नियम आहे. प्रेषित पौल थेस्सलनीकाकरांना पत्रात लिहितो की आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका; लोक त्यातलं ‘शोक करू नका’ तेवढंच ऐकतात. कुणी अशा सांत्वनाला आलंच तर त्याला चहा द्या आणि खोबरं किसायला बसवा.

प्रकटीकरणात, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, एक ओळ आहे, समुद्राने आपल्यातले मृत परत दिले. बहुतेक ठिकाणी ती न्यायाच्या दिवसाची म्हणून घाबरवायला वाचतात. मावशीला मी ती वाचून दाखवली तेव्हा तिने परत वाचायला लावली. मग विचारलं, “म्हणजे तेका हिशोब ठेवचो लागता?” समुद्राला हिशोब ठेवावा लागतो! इतका सरळ अर्थ मला कधी सुचला नव्हता. त्यापुढच्याच प्रकरणात नव्या पृथ्वीवर समुद्र राहिला नाही असं म्हटलंय. ते मात्र मी तिला वाचून दाखवलं नाही. समुद्र नसलेला स्वर्ग आमच्या लोकांना परवडायचा नाही.

नावं वाचाल तेव्हा होडीवरच्या सगळ्यांची वाचा. त्या ट्रॉलरवर आमचा एकटाच ख्रिस्ती होता; तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, हिंदू, दोघे मुसलमान. पण त्यांच्या घरी आधी विचारा. एका घराने नको सांगितलं, त्यांचं ते सर्वपित्रीला करतात. आम्ही त्यांचं नाव वाचत नाही, तिथे थोडा वेळ गप्प राहतो.

मग जेवण. सहा वर्षं मावशीने मासळीला हात लावला नाही. आम्हीही आग्रह केला नाही, तुम्हीही करू नका. ती तयार झाली तेव्हा त्याला आवडायचं ते केलं, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं. मला त्या दिवशी योहानाच्या शुभवर्तमानातला शेवटचा प्रसंग आठवला. पुनरुत्थित येशू किनाऱ्यावर निखाऱ्यांवर मासे भाजतोय आणि रात्रभर रिकाम्या जाळ्याने दमलेल्यांना म्हणतोय, या, न्याहारी करा. समजावून काही सांगत नाही, आधी खायला घालतो. हातांवरचे खिळ्यांचे व्रण तसेच होते हे त्याच्या आधीच्याच प्रकरणात येऊन गेलेलं असतं.

आशेबद्दल विचाराल तर मी रामदास बोटीची गोष्ट सांगते. १७ जुलै १९४७, गटारीची अमावास्या. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि ६०० हून जास्त माणसं गेली. त्या वेळी रेवसचे कोळी मासळी घेऊन येत होते. त्यांनी मासळी पाण्यात ओतली आणि रिकाम्या झालेल्या होड्यांत माणसं ओढून घेतली, असं सांगतात. दर ११ नोव्हेंबरला आम्ही थाळी फिरवतो आणि जमलेल्या पैशांतून लाइफ जॅकेटं घेतो. गेल्या वेळी चार आली. ती देताना घालून दाखवायला सांगा, नाहीतर केबिनमध्ये उशी म्हणून वापरतात.

त्याच्या वस्तू कधी काढायच्या, असंही विचारतात. घाई नको. मावशी त्याच्या मोबाइलचं रिचार्ज करत राहिली. रोज संध्याकाळी नंबर लावायची आणि ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे’ एवढं ऐकून ठेवून द्यायची. पुढे तिच्या आजारपणात रिचार्ज चुकलं आणि कंपनीने नंबर दुसऱ्या कुणाला तरी दिला. मी शेजारीच बसले होते. पलीकडून पुरुषाचा आवाज आला, घाटावरचा वाटला: हॅलो, कोण हवंय? मावशीने फोन कानाला तसाच धरून ठेवला. मी घ्यायला हात पुढे केला तर तिने तो बाजूला सारला.

“कोण नको रे बाबा,” ती म्हणाली. “जेवलंस मां?”