जळगाव ते लंडन: अंतर आणि वेळेचा हिशोब

आधी अंतर काढू. कॉम्प्युटरवर गुगल मॅप्स उघडून मुंबई विमानतळावर राइट क्लिक करा, ‘मेझर डिस्टन्स’ निवडा आणि मग लंडनच्या हीथ्रो विमानतळावर क्लिक करा. आकडा साधारण ७,२०० किमी येतो. रेषा उत्तरेकडे वाकलेली दिसते, ती तशीच असायला हवी. पृथ्वी गोल असल्याने सगळ्यात जवळचा रस्ता सपाट नकाशावर कमानीसारखा दिसतो. म्हणून ॲटलासवर पट्टी ठेवून काढलेलं लांबचं अंतर चुकतं. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर दोन्ही शहरांवर दोरा ताणून बघा. ३० सेंमी व्यासाच्या गोलावर १ सेंमी म्हणजे सुमारे ४२५ किमी, आणि दोरा जेमतेम १७ सेंमी भरतो.

आता वेळ. अंतराला ८५० ने भागा आणि चढ-उतार व धावपट्टीपर्यंतच्या रांगेसाठी ४० मिनिटं मिळवा. ७,२०० चे साडेआठ तास, अधिक ४० मिनिटं, म्हणजे नऊ तास दहा मिनिटं. पश्चिमेकडे जाताना वरच्या थरातला जोरदार वारा समोरून येतो, म्हणून जाताना साडेनऊ ते दहा तास धरा. येताना तोच वारा पाठीशी असतो, वेळ वाचतो. एखाद्या देशाने हवाई हद्द बंद केली की विमान वळसा घालतं आणि वेळ आणखी वाढतो. त्यामुळे शेवटी खरा मानायचा तो तिकिटावरचा वेळ.

तिकिटावर दोन्ही वेळा तिथल्या-तिथल्या घड्याळाच्या असतात. ०२:३० ला निघून ०७:३० ला पोहोचणं म्हणजे पाच तास नव्हेत. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं, एरवी साडेपाच. उन्हाळ्यात हा प्रवास साडेनऊ तासांचा.

सगळ्यात जास्त घोळ तारखेचा होतो. १५ मे, ०२:३० म्हणजे १४ तारखेची रात्र. १५ ला दुपारी जळगावहून निघालात तर विमान केव्हाच गेलेलं असेल. म्हणून उलटं मोजत या. विमानतळावर तीन तास आधी, म्हणजे १४ ला रात्री साडेअकराला. बहुतेक कंपन्या काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद करतात. दादरहून सहारच्या विमानतळावर ट्रॅफिकसकट दीड तास, म्हणजे तिथून दहाला निघायचं. गाडी लेट होण्यासाठी तीन तास हातात ठेवा. म्हणजे संध्याकाळी सातला दादरला पोहोचणारी गाडी हवी. रेल्वेने जळगाव-मुंबई सुमारे ४२० किमी, साडेसहा ते आठ तास. तेव्हा सकाळी अकराच्या आसपासची गाडी पकडा. कुर्ला टर्मिनसला जाणारी मिळाली तर आणखी चांगलं, विमानतळ जवळ पडतो. बिबडे-पापडांचे डबे आणि दोन बॅगा घेऊन लोकलच्या फंदात पडू नका, सरळ टॅक्सी करा.

धुळेकरांना आग्रा रोडने कसारा घाट उतरावा लागतो, तिथे ट्रकांची रांग लागली की दोन तास सहज जातात. नंदुरबारकरांनी सुरतमार्गे यावं, त्यात कसारा लागत नाही आणि बोरिवलीला उतरता येतं.

जून ते सप्टेंबरमध्ये मात्र तीन तासांची सवड पुरत नाही. घाटात दरड आली किंवा कुर्ला-सायनला रुळांवर पाणी साचलं की गाड्या जिथल्या तिथे उभ्या राहतात. त्या दिवसांत आदल्या दिवशीच मुंबई गाठा.