रेसिंग गेममध्ये खरेपणा हवाय? मग या चुका टाळा

ग्रॅन टुरिस्मोसारख्या मालिकेचा नवा भाग येणार अशी नुसती कुणकुण लागली, तरी मागण्यांची यादी सुरू होते: आणखी गाड्या, आणखी ट्रॅक, आणखी देखणी ग्राफिक्स. या मालिकेवर माझं मनापासून प्रेम आहे, आणि म्हणूनच वाटतं की आपण भलतंच मागतोय. खरी गाडी चालवताना टायरची पकड किती उरली आहे हे हाताला, कानाला सतत कळत असतं. गेममध्ये खरेपणा येतो तो ही माहिती खेळणाऱ्यापर्यंत पोचली तरच. त्यामुळे गेमला नावं ठेवण्याआधी ती माहिती आपल्याच सेटिंगमध्ये अडकलेली नाही ना, ते बघा.

स्टिअरिंग जड केलं म्हणजे खरं झालं, हा समज

ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. गेम खेळायचं नवं व्हील (स्टिअरिंगसारखा कंट्रोलर) आणलं की फोर्स फीडबॅक, म्हणजे मोटारीने हाताला जाणवणारा जोर, शेवटच्या आकड्यापर्यंत चढवायचा, आणि मग तक्रार करायची की गाडी काही न सांगता एकदम सुटते.

होतं असं, की वळणात पुढच्या टायरवर भार वाढतो तसं स्टिअरिंग जड होत जातं. पण पकड संपायच्या जरा आधी ते किंचित हलकं पडतं. हाच तो इशारा. कसलेला ड्रायव्हर याच क्षणी हात थोडा सैल सोडतो. आता तुमच्या व्हीलची ताकद, म्हणजे फिरवण्याचा जोर (टॉर्क), समजा 2 न्यूटन-मीटरच्या आसपास आहे आणि गेम त्याहून जास्त मागतोय. मग व्हील आपल्या कमाल जोरावर अडकून बसतं. वरचे सगळे चढउतार कापले जातात, आणि ते हलकं पडणंही त्यातच जातं. याला क्लिपिंग म्हणतात.

तपासायचं कसं? एखादं लांबलचक, वेगवान वळण निवडा आणि वळणाच्या मध्यावर आतल्या कर्बवरून, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या खडबडीत पट्टीवरून, चाक न्या. हाताला थरथर जाणवली नाही, नुसता एकसारखा जोर लागला, तर क्लिपिंग होतंय. ग्रॅन टुरिस्मो 7 मध्ये कमाल टॉर्कचा आकडा एकेक घर खाली आणा आणि कर्ब जाणवू लागला की थांबा. सुरुवातीला स्टिअरिंग पुचाट वाटेल. दोन-चार लॅप जाऊ द्या, हात सरावतो.

मालिकेकडे मागायचं ते इथे मागा: पडद्यावर क्लिपिंग दाखवणारी एक साधी पट्टी. असेटो कोर्सा या दुसऱ्या रेसिंग गेममध्ये फोर्स फीडबॅकची पट्टी असते, मर्यादा ओलांडली की ती लाल होते. त्यासाठी नव्या पिढीचा कन्सोल लागत नाही.

कॅमेरा मनाला येईल तसा ठेवणं

दृश्याचा कोन जास्त रुंद ठेवला की वेग भन्नाट वाटतो, पण वळण आहे त्यापेक्षा दूर दिसतं आणि ब्रेकचा अंदाज चुकतो. 27 इंची पडदा साधारण 60 सेंटीमीटर रुंद असतो. तुम्ही त्यापासून 60 सेंटीमीटरवर बसलात तर बरोबर आडवा कोन सुमारे 53 अंश येतो. एवढा अरुंद कोन बऱ्याच जणांना सुरुवातीला कोंडल्यासारखा वाटतो, म्हणून थोडा वाढवायला हरकत नाही. दुप्पट करू नका. पडद्याची रुंदी आणि बसण्याचं अंतर विचारून हा हिशेब गेमनेच करून द्यावा, ही मागणी रास्त आहे. टीव्हीवर खेळत असाल तर त्याचा गेम मोड चालू आहे ना, तेही बघा. तो बंद असला की चित्र उशिरा येतं आणि खापर फुटतं गाडीवर.

प्रतिस्पर्धी मंद, म्हणून नुसती काठिण्यपातळी वाढवणं

ग्रॅन टुरिस्मो 7 च्या करिअरमधल्या (एकट्याने टप्प्याटप्प्याने खेळायच्या भागातल्या) बहुतेक शर्यती धावत्या गाड्यांनी सुरू होतात. आपण मागे, पहिली गाडी कुठल्या कुठे पुढे. पातळी वाढवली तरी शर्यतीचं रूप तेच राहतं: पाठलाग. त्यात आपण इंजिनाची ताकद वाढवून गेलो, तर समोरच्या गाड्या फक्त ओलांडायच्या उरतात.

सध्याचा उपाय म्हणजे कस्टम शर्यत, जिचे नियम आपणच ठरवतो. मागे पडलेल्या गाड्यांना वेग देणारा बूस्ट बंद ठेवा, जवळपास सारख्या क्षमतेच्या गाड्या निवडा आणि सुरुवात ग्रिडवरून, म्हणजे रांगेत उभ्या गाड्यांनी, लावा. टायरची झीज 1 पटीवर ठेवून पाच लॅप चालवले, तर झीज जाणवणार नाहीच. छोट्या शर्यतीत तो आकडा वाढवा.

खरी मागणी मात्र मोठी आहे. सोफी हा सोनीचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा ड्रायव्हर 2022 मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर झळकला आणि नोव्हेंबर 2023 च्या अपडेटने पीएस 5 कन्सोलवरच्या ग्रॅन टुरिस्मो 7 मध्ये निवडक ट्रॅकवर कायमचा उतरला. तो आतली बाजू बंद करतो, जागा सोडून लढतो, हरताना मजा येते. असा प्रतिस्पर्धी करिअरच्या प्रत्येक शर्यतीत हवा. सोबत सराव, पात्रता फेरी आणि उभ्या गाड्यांची सुरुवात हवी.

गाड्यांची संख्या मोजत बसणं

2010 च्या ग्रॅन टुरिस्मो 5 मध्ये हजारावर गाड्या होत्या. त्यातल्या सुमारे 800 जुन्या भागांतून उचललेल्या, कमी तपशिलाच्या. आकडा भरला, गाड्या नाही. 300 गाड्या द्या, पण प्रत्येकीचा स्वभाव वेगळा कळू द्या. नुकसानीचंही तसंच: चेपलेला पत्रा दिसण्यापेक्षा धडकेनंतर गाडी एका बाजूला ओढली जायला हवी.

ऑफलाइनची मागणी किरकोळ समजणं

मार्च 2022 मध्ये एका अपडेटनंतर ग्रॅन टुरिस्मो 7 चे सर्व्हर 30 तासांहून जास्त बंद होते. एकट्याने खेळायचं करिअरसुद्धा त्या काळात खेळता आलं नाही, कारण गेमची प्रगती सर्व्हरवर साठते. इथे तुमच्या बाजूने कुठलंही सेटिंग बदलून काही होत नाही. करिअरची प्रगती कन्सोलवरच साठवा आणि नेट आलं की ती सर्व्हरशी जुळवा, हे मालिकेच्या पुढच्या भागाकडे पहिल्या दिवसापासून मागायला हवं.