हळदीने पिवळी पडणारी नवरीची नखं: माझा अनुभव

मी नवरीची नखं रंगवून सजवते. लग्नसराईत नवऱ्या मुलींची एक तक्रार ठरलेली: हळद झाली की फिक्या रंगाची जेल नखं, म्हणजे दिव्याखाली पक्कं होणारं जेल पॉलिश लावलेली नखं, पिवळट दिसतात. फ्रेंच टिपांवर, म्हणजे नखांच्या पांढऱ्या रंगवलेल्या टोकांवर, तर डाग लगेच उठून दिसतो. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही, त्यामुळे नुसतं हात धुऊन भागत नाही.

आता मी नखं मेंदी झाल्यावरच करते, म्हणजे नखांवर चढलेला मेंदीचा रंगही झाकला जातो. जेलचा टॉप कोट, म्हणजे सगळ्यात वरचा थर, दिव्याखाली पक्का झाला की वरून साधी पारदर्शक नेलपॉलिश लावते, नखाच्या टोकाची कडसुद्धा सोडत नाही. हळद उतरली की ॲसिटोन नसलेल्या रिमूव्हरने ती नेलपॉलिश पुसायची. डाग तिच्याबरोबर निघतो, जेल तसंच राहतं. करवलीकडे रिमूव्हरची छोटी बाटली आणि कापूस आधीच देऊन ठेवते. त्या गडबडीत नवरीला कुठलं सुचणार!

नुसत्या नखांच्या फोटोंवरून लग्नाची कामं फारशी येत नव्हती. आता हिरवा चुडा, पैठणीचा पदर आणि अनामिकेच्या नखावर बारीक मोर, असा फोटो नवरीला विचारून खिडकीच्या उजेडात काढते. खाली लिहिते, ‘हळदीनंतरची नखं’. हल्ली नवरीच्या आयाच फोन करतात.